पाच हजार नावांत आपले नाव

गेल्या अंकात हिग्ज कणाबद्दल, म्हणजे इतर मूलकणांना वस्तुमान मिळण्याशी ज्याचा संबंध आहे त्या कणाबद्दल, लिहिताना मी ओघात म्हणून गेले की 'शोधनिबंधावर नावे पाच हजार, पण खोलीत बोलणारे सातच'. मूळ विषय राहिला बाजूला आणि पत्रे आली ती सगळी या वाक्यावर. म्हणून या वेळी हीच पत्रे घेते. मी अकरा वर्षे जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतल्या एका प्रयोगात होते, आधी विद्यार्थिनी म्हणून, नंतर मुंबईहून ये-जा करत. कोणता प्रयोग ते सांगणार नाही. तिथली माणसे अजून कामावर आहेत आणि त्यांतल्या काहींशी माझे अजून बोलणे आहे.

प्रश्न : मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले. आमच्या शाळेच्या वार्षिकांकाला तीन संपादक होते, तरी कोणाचे नाव आधी यावरून रुसवेफुगवे. पाच हजारांत पहिले नाव कोणाचे हे ठरते तरी कसे?
– निवृत्त शिक्षक, रत्नागिरी

उत्तर : गुरुजी, रुसवेफुगवे नकोत म्हणून ते ठरवतच नाहीत. २०१५च्या मे महिन्यात अ‍ॅटलस आणि सीएमएस या दोन प्रयोगांनी मिळून हिग्जच्या वस्तुमानाचा निबंध छापला. पाने ३३. त्यांतली पहिली नऊ भौतिकशास्त्राची, उरलेली २४ नावांची आणि संस्थांची. नावे ५,१५४. अ‍ॅटलसची यादी आडनावाच्या वर्णक्रमाने लागते, त्यामुळे त्यांचे निबंध वर्षानुवर्षे 'आद आणि इतर' म्हणून ओळखले जातात; त्या आडनावात दोन 'ए' लागोपाठ येतात एवढेच कारण. सीएमएसची रीत वेगळी. तिथे आधी देश, मग संस्था, मग माणूस. देशांत आर्मेनिया पहिला, म्हणून येरेवानच्या संस्थेतले लोक कायम डोक्यावर. हिग्जच्या शोधाचा सीएमएसचा २०१२चा निबंध 'चात्रच्यान आणि इतर' या नावाने सापडतो. एवढ्याशा देशाला हा मान निव्वळ बाराखडीने दिला याची मला अजून गंमत वाटते.

याद्या वाचायची मला खोड आहे. काही नावांपुढे कट्यारीसारखी बारीक खूण असते आणि खाली टीप : दिवंगत. माणूस गेला, पण त्याने बसवलेला डिटेक्टर, म्हणजे कण टिपणारे यंत्र, अजून मोजमाप देतोय, म्हणून नाव राहते. आणि नाव फुकट लागत नाही. नवीन माणसाला आधी कित्येक महिने राबते काम करावे लागते : केबल तपासणे, कॅलिब्रेशन, सॉफ्टवेअरची डागडुजी, रात्रपाळ्या. ते झाले की तुम्ही मुंबईचे असा की मिलानचे, नाव लागते. ही व्यवस्था मला मनापासून आवडते.

पण नोकरी देणारा कोणी त्या २४ पानांत बोट फिरवत बसत नाही. तो विचारतो, परिषदेत भाषण कोणी दिले? अ‍ॅनालिसिस कोणी चालवली? भाषणे मोजकी असतात, ती प्रयोगाची समिती वाटते, आणि समितीला जे चेहरे आठवतात ते रोज कॅफेटेरियात दिसणारे. माझी एक आकृती मी घरी संगणकावर थेट प्रक्षेपणात पाहिली. बोलणारे एका नामांकित विद्यापीठाचे प्राध्यापक. आकृती माझीच आहे हे ओळखायला वेळ लागला नाही, कारण उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीची खालची रेघ एका ठिकाणी तुटली होती. ती तुटलेली रेघ मी आदल्या आठवड्यात तीन तास दुरुस्त करू पाहिली होती आणि शेवटी 'कोणाला दिसतेय' म्हणून सोडून दिली होती. पडद्यावर ती हातभर मोठी दिसत होती. आपले नाव शेवटच्या स्लाइडवर तरी येईल म्हणून मी गॅस बारीक करून बसून राहिले. शेवटच्या स्लाइडवर 'धन्यवाद' होते.

निबंधावर मात्र माझे नाव होते. नियमाने.

प्रश्न : युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर रशियन शास्त्रज्ञांची नावे निबंधांवरून काढली असे ऐकले. विज्ञानाला देश नसतो ना?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : काढली नाहीत. झाले ते त्याहून विचित्र. फेब्रुवारी २०२२ नंतर काही देशांच्या संस्थांना रशियन संस्थांच्या शेजारी आपले नाव नको होते. तोडगा निघेना. मग जवळजवळ वर्षभर या प्रयोगांचे निबंध लेखकांच्या यादीशिवायच इंटरनेटवर चढत राहिले, वर फक्त प्रयोगाचे नाव. हजारो जणांचे काम आणि खाली कोणीच नाही. २०२३ मध्ये मार्ग सापडला : माणसाचे नाव राहील, संस्थेचे जाईल. संस्थेच्या जागी एक लांबलचक वाक्य आले, 'सर्नशी सहकार्य करार असलेल्या संस्थेशी संलग्न लेखक' अशा अर्थाचे. ३० नोव्हेंबर २०२४ला रशियाशी असलेला करारच संपला. रशियातच असलेल्या दुब्नाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेशी असलेला संबंध तेवढा ठेवला.

या निर्णयावर माझे मत विचाराल तर दोन मते आहेत आणि दोन्ही माझीच. युक्रेनियन सहकाऱ्याला रोज शेजारच्या टेबलावर बसायचे असते हे मी विसरू शकत नाही. आणि ज्या रशियन तंत्रज्ञाने मला ऑसिलोस्कोप लावायला शिकवले, त्याला आपल्या सरकारबद्दल काय वाटत होते हे मी कधी विचारले नव्हते. अशा वेळी विचारायचे तरी कसे?

प्रश्न : बाई, माझी पीएचडी पुढच्या वर्षी संपतेय आणि लग्नही ठरलेय. सासरचे चांगले आहेत, पण नाव बदलण्याची पद्धत आहे. माझे चार निबंध माहेरच्या नावाने आहेत. काय करू?
– एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : अगं, आपल्याकडे नुसते आडनाव बदलत नाही हे आधी त्या परदेशी सहकाऱ्यांना समजावावे लागते! वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचे येते, म्हणजे मधले आद्याक्षर गेले. आडनाव गेले. आणि ताटातल्या तांदळात अंगठीने नवे नाव रेखले की पहिलेही गेले. तीन आद्याक्षरांपैकी तिन्ही बदललेली बाई संगणकाच्या लेखी नवीनच जन्मलेली असते. या याद्यांमध्ये पहिले नाव बहुधा आद्याक्षरापुरतेच छापतात, त्यामुळे तर काही धागाच उरत नाही.

माझ्या बाबतीत हेच झाले. माझ्या सासूबाईंनी हौसेने नाव ठेवले होते, मलाही आवडले होते. पुढच्या वर्षी एका मुलाखतीत समोरच्याने विचारले, लग्नाआधीची पाच वर्षे तुम्ही काय करत होतात? त्याने यादी पाहिली होती, त्यात मी नव्हते. मी त्याला कागदावर दोन्ही नावे लिहून दाखवली, तर म्हणाला, ही तुमची बहीण का?

आता सोय आहे. २०१२ पासून ऑर्किड नावाचा सोळा आकडी क्रमांक मिळतो. फुकट आहे, दहा मिनिटांत होतो, आणि नाव कितीही वेळा बदलले तरी क्रमांक तोच. आजच काढ. कणभौतिकीच्या निबंधांचा जो इन्स्पायर नावाचा साठा आहे त्यातही जुनी-नवी नावे एकाच व्यक्तीखाली जोडून घेता येतात. ही सोय लग्न झालेल्या बायकांइतकीच लिंगबदल केलेल्या सहकाऱ्यांनाही उपयोगी पडते, आणि इंडोनेशियातल्या ज्यांना आडनावच नसते त्यांनाही.

हे झाले तांत्रिक. खरे विचारशील तर निबंधावरचे नाव बदलू नकोस. घरी, रेशनकार्डावर, हळदीकुंकवाला काय हवे ते लाव. सासरचे चांगले आहेत म्हणतेस, मग त्यांना हे पत्रच वाचायला दे. पासपोर्टवरचे नाव मात्र लग्नाच्या गडबडीत आणि व्हिसाचा अर्ज आत असताना बदलायला काढू नकोस. कागदावर एक आणि निमंत्रणपत्रावर दुसरे नाव असले की खिडकीपलीकडचा माणूस ऐकत नाही.

प्रश्न : सून पुण्यातून जिनिव्हाच्या प्रयोगात काम करते. रोज रात्री साडेआठ-नऊला मीटिंगला बसते, ऐन जेवणाच्या वेळी. दिवसा का घेत नाहीत?
– एक सासूबाई, पुणे

उत्तर : कारण जिनिव्हात तेव्हा दुपारचे पाच वाजलेले असतात आणि शिकागोत सकाळचे दहा. अमेरिकेला जाग यावी आणि युरोपला घरी जाता यावे अशी ही वेळ. आपल्याकडे उन्हाळ्यात साडेआठ, आणि युरोपातली घड्याळे मागे गेली की साडेनऊ. तोक्योवाल्यांचे हाल विचारूच नका, त्यांची मध्यरात्र.

माझ्या वेळी मी माइक बंद करायला विसरले आणि कुकरची शिट्टी सगळ्या जगाने ऐकली. चर्चा थांबली. कोणीतरी विचारले, डिटेक्टरचा अलार्म का? मी हसण्यावारी नेले, पण त्यानंतर दोन वर्षे मी मीटिंगला तोंड उघडले नाही.

सुनेला सांगा, वेळ आलटून-पालटून ठेवा अशी लेखी मागणी करायची. महिन्यातून एक मीटिंग जिनिव्हाच्या सकाळी नऊला घेतली तर आपल्याकडे दुपारचा साडेबारा-दीड होतो आणि त्या दिवशी शिकागोने पहाटे दोनला उठावे. एकदा उठले की ते पुढच्या वेळी आपणहून वेळ विचारतात. अशी मागणी करणारी ती पहिली नसेल. मोठ्या प्रयोगांत आता विविधतेचे काम पाहणारी माणसे नेमलेली असतात आणि त्यांच्याकडे या तक्रारी जातात.

दुसरे, मीटिंगचे टिपण कोण लिहिते ते बघायला सांगा. दर वेळी तीच लिहीत असेल तर थांबवायचे. लिहिणारीला बोलता येत नाही. आमच्या गटात चार वर्षे टिपणे मी लिहिली, कारण 'तुझे इंग्रजी स्वच्छ आहे'. आणि जेवणाचे म्हणाल, तर आठला ताट वाढून द्या. एवढे तुमच्या हातात आहे.

प्रश्न : विज्ञानात गुणवत्ता हा एकच निकष असावा. विविधता, समावेशन ही सगळी राजकीय थेरं. तुम्ही स्वतः गुणवत्तेवर गेलात ना?
– एक अभियंता, नागपूर

उत्तर : गेले. आणि माझ्याच वर्गातली, माझ्याहून हुशार मैत्रीण गेली नाही, कारण तिच्या वडिलांना पासपोर्टच्या अर्जावर सही करणे पटले नाही.

तुमच्यासारखेच एक इटालियन प्राध्यापक बोलले होते. सप्टेंबर २०१८, सर्नमध्येच, आणि तेही भौतिकशास्त्रातल्या स्त्रियांवर भरवलेल्या कार्यशाळेत. समोर बहुतेक तरुण मुली. स्लाइडवर लिहिले होते की भौतिकशास्त्र पुरुषांनी शोधले आणि उभारले. पुरावा म्हणून कोणाच्या निबंधांचा किती जणांनी दाखला दिला याची मोजणी. सर्नने त्यांना निलंबित केले आणि २०१९च्या मार्चमध्ये संबंध तोडला. त्या मोजणीत न बसणारी एक बाई सांगते. विभा चौधुरी. १९४०च्या आसपास त्यांनी देवेंद्रमोहन बोस यांच्याबरोबर हिमालयात उंचावर फोटोच्या काचा (प्लेट) ठेवून अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांतले मेसॉन नावाचे कण शोधले. 'नेचर'मध्ये निबंध आले. मग युद्ध, चांगल्या प्लेट मिळेनात, काम थांबले. याच पद्धतीने पुढे ब्रिस्टलच्या सेसिल पॉवेल यांनी सुधारित प्लेट वापरून काम पूर्ण केले आणि १९५०चे नोबेल घेतले. विभाताई १९४९ला मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आल्या, तिथल्या पहिल्या स्त्री संशोधक. माझ्या अभ्यासक्रमात पॉवेल होते. विभाताई मला चाळिशीत कळल्या. गुणवत्ता मोजायची तर आधी काच मिळायला हवी ना?

४ जुलै २०१२ला हिग्जची घोषणा झाली तेव्हा अ‍ॅटलसच्या वतीने फाबिओला जानोत्ती बोलल्या. तीन हजार लोकांच्या प्रयोगाच्या त्या प्रमुख. दुसऱ्या दिवशी इंटरनेटवर चर्चा कशाची? त्यांनी स्लाइडला वापरलेल्या कॉमिक सॅन्स या टायपाची. तो टाइप मलाही आवडत नाही, पण तरी! २०१६ला त्या सर्नच्या महासंचालक झाल्या, १९५४ पासूनच्या पहिल्या स्त्री. २०२१ला सर्नने ठरवले की २०२५ अखेर कर्मचारी आणि फेलो मिळून २५ टक्के बायका असाव्यात. यात एक मेख आहे. प्रयोगांत राबणारे बहुसंख्य लोक सर्नच्या पगारावर नसतात, ते आपापल्या विद्यापीठांचे असतात. भरती पुण्यात, पिसात, पेकिंगमध्ये होते. जिनिव्हाचा आकडा तिथपर्यंत पोहोचत नाही.

आता आपल्या घरचे बोलते, राग मानू नका. जिनिव्हाच्या तक्त्यात आपण सगळे एका रकान्यात : भारत. आपला एक माणूस आला की तक्ता सुधारतो. पण त्या रकान्यात कोण येते? मी भारतीय संस्थांची पाने वाचते तेव्हा आडनावे ओळखीची असतात, तीच मोजकी, माझे धरून. 'गुणवत्ता' हा शब्द मी जिनिव्हात ऐकायच्या आधी पुण्यात ऐकला होता, राखीव जागांवरून चाललेल्या भांडणात, आणि तेव्हा मी टाळ्या वाजवणाऱ्यांत होते. परदेशात मला कोणी सेक्रेटरी समजून झेरॉक्सचे कागद हातात दिले, तेव्हा मला त्या टाळ्या आठवल्या.

प्रश्न : मुलगा अकरावीत आहे. लाल-हिरव्यातला फरक कळत नाही. त्याला भौतिकशास्त्रात जायचे आहे. नातेवाईक म्हणतात सोडून दे.
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, नातेवाइकांना रेल्वेचा सिग्नल आणि विमान आठवत असेल. भौतिकशास्त्रात तशी अडवणूक नाही. युरोपीय पुरुषांत साधारण बारात एकाला ही अडचण असते, म्हणजे मोठ्या प्रयोगात असे शेकड्यांनी आहेत. फक्त ते गप्प बसायचे.

आमच्या विषयात एक प्रसिद्ध आकृती आहे. मधोमध हिरवा पट्टा, त्याला लागून दोन्ही बाजूंनी पिवळा. ब्राझीलच्या झेंड्यासारख्या रंगांमुळे तिला ब्राझील प्लॉट म्हणतात. हिग्जच्या शोधात ती शेकडो वेळा पडद्यावर आली. आमच्यातला एक पोस्टडॉक, म्हणजे नुकताच पीएचडी झालेला संशोधक, ती पाहून नेहमी मान हलवायचा. सात वर्षांनी त्याने चहा घेताना सांगितले की त्याला पट्टा एकच दिसतो, हिरवा कुठे संपतो ते तो इतरांच्या बोलण्यावरून ताडतो. सात वर्षे! आम्ही त्याला मंद समजायचो.

हे आता बदलतेय. २०२१ मध्ये मॅथ्यू पेट्रॉफ यांनी रंगांचे असे संच मांडले की रंगदृष्टीचा दोष असलेल्यांनाही ते वेगळे दिसावेत आणि बाकीच्यांनाही बरे वाटावेत. सीएमएसने आपल्या आकृत्यांसाठी तेच रंग सुचवले आहेत आणि आम्ही सगळे जे रूट नावाचे सॉफ्टवेअर वापरतो त्यात ते तयार मिळतात. शिवाय रेघ तुटक काढणे, ठिपक्यांचे आकार वेगळे ठेवणे, हे तर पूर्वीपासून शक्य होते. कोणी विचारले नव्हते.

खरी अडचण अकरावी-बारावीच्या प्रॅक्टिकलला येईल. रसायनशास्त्रात मिथिल ऑरेंजचे टायट्रेशन आणि सॉल्टची ज्योतीची परीक्षा. फिनॉल्फ्थॅलीनला बहुधा जमेल, रंगहीन ते गुलाबी आहे. भौतिकीत रेझिस्टरवरचे रंगीत पट्टे त्याने वाचायचेच नाहीत, मल्टिमीटर लावायचा. बाईंना वर्षाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवा, परीक्षेच्या दिवशी नव्हे.

प्रश्न : मी औंढा नागनाथजवळच्या गावची, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्याकडे लायगो होणार आहे. माझे शिक्षण मराठीतून झाले. आम्हाला तिथे काही जागा असेल, की सगळे बाहेरूनच येतील?
– एक विद्यार्थिनी, हिंगोली

उत्तर : तुझ्या पत्राने मला बसवले. लायगो म्हणजे अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने तिच्यासाठी २,६०० कोटींना मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरचे दोन बाहू काटकोनात, आत निर्वात नळी, त्यातून लेसर. बाहेरून लोक येतीलच, इंदूरहून, गांधीनगरहून, पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतून. पण अमेरिकेत काय झाले ते ऐक.

तिथले एक लायगो लुइझियाना राज्यात लिव्हिंगस्टन नावाच्या गावाजवळ, पाइनच्या जंगलात आहे. लाकूडतोड सुरू झाली, मालगाडी गेली, की त्या यंत्राला हादरा कळतो. म्हणजे गावाशी संबंध ठेवणे ही त्यांची हौस नव्हती, गरज होती. तिथे त्यांनी २००६ला विज्ञान केंद्र काढले, आणि भागीदारीत घेतले ते बॅटन रूजच्या सदर्न युनिव्हर्सिटीला. ही मुळात कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेली संस्था. तिथले विद्यार्थी लायगोत येऊन शाळेच्या मुलांना लाटा समजावतात, भावी शिक्षक तिथे तयार होतात. औंढ्याला हे आपोआप होणार नाही. तुझ्या कॉलेजच्या प्राचार्यांनी आताच पत्र धाडावे, इमारत उभी राहिल्यावर नाही. हिंगोलीच्या आयटीआयनेसुद्धा. ती नळी १.२ मीटर व्यासाची असते, एकूण आठ किलोमीटर, आणि तिच्या एकाही सांध्यातून हवा शिरता कामा नये. ती जोडणारा वेल्डर आणि गळती शोधणारा तंत्रज्ञ हे भौतिकशास्त्रज्ञाच्या तोडीचे काम करतात.

भाषेचे भय ठेवू नकोस. ११ फेब्रुवारी २०१६ला गुरुत्वीय लहरी सापडल्याची घोषणा झाली तेव्हा मंचावर लायगो सहयोगाच्या प्रवक्त्या म्हणून गॅब्रिएला गोन्झालेस होत्या, अर्जेंटिनातल्या कोर्दोबाच्या, स्पॅनिश वळणाचे इंग्रजी बोलणाऱ्या. सर्नच्या अधिकृत भाषा इंग्रजी आणि फ्रेंच, पण चालते ते मोडके इंग्रजी, आणि ते मोडण्यात कोणीही मागे नाही. तू आत्ता प्रकाशशास्त्राचे प्रॅक्टिकल नीट कर. मायकेल्सनचा इंटरफेरोमीटर, म्हणजे प्रकाशाचा झोत दोन वाटांनी पाठवून परत जुळवणारे उपकरण, कॉलेजात असेल तर त्याच्यावरची धूळ पूस आणि टेबलावर हळूच बोट आपटून प्रकाशाची कडी सरकताना बघ. लायगो म्हणजे तेच, फार लांबवर ताणलेले. उन्हाळी प्रकल्पासाठी आयुकाला अर्ज कर. नाही आला तर पुढच्या वर्षी परत कर. मला दुसऱ्यांदा बोलावले होते.

प्रश्न : मुलगी तीन महिन्यांसाठी सर्नला चाललीय. काय द्यावे?
– एक वडील, नाशिक

उत्तर : तीन महिने म्हणजे शेंगेनचे नव्वद दिवस, एकेक मोजून घ्या, जायचा आणि यायचा धरून. आमच्या वेळी, डिसेंबर २००८च्या आधी, स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये नव्हते. मी राहायचे फ्रान्समधल्या सँ-जेनीत आणि कामाला यायचे सीमा ओलांडून, म्हणून दोन व्हिसे, दोन रांगा, दोन्हींच्या तारखा वेगळ्या. एकदा फ्रान्सचा दोन दिवस आधी संपला आणि मी ते दोन दिवस ऑफिसातल्या खुर्चीत झोपले. आता १८ नंबरची ट्राम थेट सर्नच्या दारात सोडते.

गाडी चालवायला येते का तिला? काही प्रयोगांच्या कंट्रोल रूम फ्रान्सच्या बाजूला शेतांत आहेत आणि रात्रपाळी अकराला सुरू होते. ज्यांना गाडी येत नाही त्यांना दर वेळी कोणाच्या तरी पाया पडावे लागते, आणि पाळी निवडताना त्यांचा नंबर शेवटी लागतो. मला येत नव्हती. जायच्या आधी परवाना काढा, आंतरराष्ट्रीयसुद्धा.

मेतकूट, गोडा मसाला, छोटा कुकर. लोणचे द्या पण बरणी दोन पिशव्यांत बांधून, माझे मुंबई विमानतळावरच फुटले होते. फोडणी करताना आधी खिडकी उघडायची, मग मोहरी टाकायची. होस्टेलचा धुराचा अलार्म वाजला की सगळी इमारत रात्री थंडीत खाली उभी राहते, आणि तेवढ्या वेळात सगळ्यांना तिचे नाव पाठ होते.